शंभर गुलाबी फुगे

"मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे माणसानं स्वतःच्या जिभेला घातलेल्या लगामाचा इतिहास आहे," असं जयरामभाऊ म्हणाले.

वाक्य मोठं होतं. शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं होतं. फक्त ते म्हणताना त्यांच्या तोंडात कितवा तरी फुगा होता, त्यामुळे 'संस्कृती' अर्धीच बाहेर आली आणि 'लगाम' रश्श्यात बुडून आला.

फुगा तोंडात कसा गेला, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. विरारला चंदनसारच्या आमच्या इमारतीत श्रीरंग माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. तो विमा कंपनीत होता. त्यामुळे कुठल्याही चांगल्या गोष्टीतून काय काय वाईट उद्भवू शकतं, हे त्याला पाठ होतं. त्याची मुलगी अश्लेषा बँकेत. शेजारच्या विंगमधला जितेश एका औषध कंपनीत. दोघांना आम्ही वडीलधाऱ्यांनी रीतसर कांदेपोहे करून एकमेकांना दाखवलं, तेव्हा दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच बघत असल्याचा अभिनय फार वाईट केला. ही बैठक माझ्या घरी झाली, म्हणून मी मध्यस्थ.

जितेशच्या आई, यमुनाताई, त्या दिवशीच हो म्हणाल्या. अडलं ते वडिलांपाशी. जयरामभाऊ साताऱ्याकडचे, निवृत्त हेडमास्तर आणि व्यसनमुक्तीचे वक्ते. शाळा, महिला मंडळं, गणपतीचे मांडव, जिथे माईक दिसेल तिथे ते दारूविरुद्ध बोलत. माझ्या ओठांना आजवर एक थेंबही शिवलेला नाही, अशी सुरुवात. आणि अमलाखाली दिलेला शब्द हा शब्दच नव्हे, असा शेवट. मटण, मासे, अंडी सगळं चालायचं. थेंब चालत नव्हता. आणि या लग्नाबद्दल ते गेले कित्येक आठवडे फक्त "विचार करतो" एवढंच म्हणत होते.

जितेशनं अश्लेषाला स्पष्ट सांगितलं होतं, की बाबांच्या मनाविरुद्ध मी पाऊल उचलणार नाही. अश्लेषानंही त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की पाऊल न उचलणाऱ्या माणसाची मी दिवाळीपर्यंतच वाट बघेन. दिवाळी जवळ येत होती. श्रीरंगचं वजन कमी होत होतं.

तेवढ्यात कळलं, की जयरामभाऊंना साठ वर्षं पूर्ण होतायत. श्रीरंगच्या बायकोनं, मनोरमेनं, युक्ती काढली. दोन्ही घरांनी, आणि मध्यस्थ म्हणून मी, शनिवारी कळंबला जायचं. समुद्रावर फिरायचं, रिसॉर्टमध्ये वाढदिवसाचं जेवण करायचं, रविवारी परत. खाऱ्या वाऱ्यानं माणूस सैल होतो, असं तिचं म्हणणं. "आणि फुगे लावू," अश्लेषा म्हणाली. "हल्ली हॉटेलात लावतात."

श्रीरंगकडचा फोन बंद होता, म्हणून तो माझ्याकडे आला. पलीकडे रिसॉर्टचे मालक सिप्रियन. कळंबच्या वाऱ्यात ते इतक्या मोठ्यानं बोलत होते, की मला सगळं बसल्या जागी ऐकू येत होतं.

"फुगे मिळतील का हो तुमच्याकडे?"

"फुगे? मिळतील की! किती पायजेत?"

"शंभर करा."

"शंभर? मानसं किती?"

"सातच. पण भरगच्च दिसायला हवं."

"अच्छा! म्हंजे मोठा प्रसंग हाय."

"तसाच समजा. आणि रंग एकच हवा. गुलाबी."

"आमी गुलाबीच करतो. काळे पडू देत नाय."

श्रीरंगनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काळे फुगे कोण लावतं, असा त्याचा भाव. "आणि नीट फुगलेले द्या हं. पिचके नकोत."

"साहेब, माझी बायको करते. लूर्डसचा फुगा पिचका झालेला अख्ख्या गावात कोनी बघितला नाय. रातभर फुगायला ठेवते ती."

"रात्रभर? मग हवा नाही का जाणार?"

"झाकून ठेवते ना!"

"बरं बरं."

"सोबत कोंबडी चालेल?"

"जेवणात ना? चालेल की."

फोन ठेवून श्रीरंग म्हणाला, "अण्णा, काय उत्साही माणूस! फुगेसुद्धा झाकून ठेवतात."

मीही मान डोलावली. आम्ही दोघंही वसई तालुक्यात राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. पण वसईत राहणं म्हणजे सकाळी वसईतून बाहेर पडणं आणि रात्री झोपायला येणं, एवढंच आम्हाला ठाऊक.

शनिवारी दुपारी आम्ही सातजण नालासोपाऱ्याहून दोन रिक्षांत बसून कळंबला पोचलो. रिसॉर्टचं नाव 'ओशन पॅलेस'. पॅलेस म्हणजे सुरूच्या झाडांत चार कॉटेजेस आणि मधे कौलारू जेवणघर. फाटकाशी केळीचे खांब होते. रंगीत कागदाच्या पताका होत्या. श्रीरंग खूष झाला. आम्ही रिक्षातून पाय खाली ठेवला, तोच झाडामागून ट्रंपेट वाजलं. पास्कल नावाचे एक गृहस्थ काळा कोट घालून गाल फुगवून वाजवत होते आणि त्यांच्या मागे एकजण ढोल बडवत होता.

"बँड?" जयरामभाऊ म्हणाले. "माझ्यासाठी?"

श्रीरंगनं बँड सांगितलाच नव्हता. पण होणाऱ्या व्याह्यासमोर नाही कसं म्हणायचं? तो कसंबसं हसला.

सिप्रियन दोन हार घेऊन पुढे आले. पांढरा सदरा, तोंडभर हसू. आमच्यावरून नजर फिरवून त्यांनी बरोबर जितेश आणि अश्लेषाला शोधून काढलं, आणि कोणाला काही कळायच्या आत दोघांच्या गळ्यात हार घातले. "सुखी राहा! चर्चात मिस्सा नाय, मांडव नाय, म्हंजे कोर्टात केलं काय? करा, करा. आजकाल खूपजन करतात."

ट्रंपेट थांबलं नाही. बाकी सगळं थांबलं.

"कोर्टात?" जयरामभाऊंचा आवाज चिरला. "जितेश! तू कोर्टात गेलास?"

"बाबा, आईशप्पथ, मला कोर्ट कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही!"

"वसईला आहे," अश्लेषा म्हणाली. "स्टेशनवरून रिक्षा मिळते."

मनोरमेनं तिला असा चिमटा काढला की तो मला दिसला.

"अहो, लग्न नाहीये!" श्रीरंग सिप्रियनच्या अंगावर धावला. "वाढदिवस आहे! यांचा! साठावा!"

सिप्रियननी जयरामभाऊंकडे बघितलं. "वाढदिवस? मंग शंभर फुगे कशाला?"

"लावायला!"

"कशाला लावायला?"

"भिंतीला!"

सिप्रियन भिंतीकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं, ते मी याआधी फक्त चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "भिंतीला चिकटनार नाय, साहेब," ते हळूच म्हणाले. "तेलकट असतात."

तेवढ्यात लूर्डसबाई बाहेर आल्या. हातात ही मोठी टोपली, वर स्वच्छ पांढरं फडकं. त्यांनी फडकं बाजूला केलं. आत लिंबापेक्षा मोठे, गोल गोल, गुलाबीसर तळलेले गोळे रचून ठेवलेले. वाफ अजून निघत होती.

"हे काय?" श्रीरंगनं विचारलं.

"फुगे."

"हे फुगे?"

"मंग काय बटाटवडे?" लूर्डसबाई म्हणाल्या. "तुमीच सांगितलेत ना, गुलाबी पायजेत, पिचके नको. बघा, एक तरी पिचका दाखवा. लग्नाशिवाय एवढे फुगे कोन करतं हो? पहाटेपासून दोघी जावांनी मुठीतून सोडलेत तेलात."

तर असं होतं. इथल्या ख्रिस्ती घरांतून लग्नाला फुगे करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध. रात्रभर फुगवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं. श्रीरंगनं सात माणसांना शंभर मागितले, तेव्हा या भल्या लोकांनी लग्न धरलं, खांब रोवले आणि पास्कलला बोलावलं.

श्रीरंग माझ्या कानाशी लागला. "अण्णा, हा अपघात कुठल्याच पॉलिसीत बसत नाही हो."

जयरामभाऊ सरळ जेवणघरात जाऊन बसले. चेहरा असा, की यमुनाताईंनीही त्यांच्याशेजारची खुर्ची सोडून पलीकडची घेतली. हार काढायचे की ठेवायचे, हे कुणी न सांगितल्यानं जितेश आणि अश्लेषा हार घालूनच समोर बसले. हवा तंग. टेबलावर सुरमई आली, कोळंबी आली, कोंबडीचं इंद्याल म्हणून लालभडक आंबट-तिखट रस्सा आला. कुणी हात लावेना. सूर्य खाली उतरत होता. पास्कल खिडकीबाहेर उभे राहून, लग्न नाही हे कळल्यामुळे, काहीतरी उदास वाजवत होते.

पण माणूस हेडमास्तर असला तरी त्याला भूक लागते. जयरामभाऊंनी टोपलीतला एक फुगा उचलला, संशयानं दाबून पाहिला, तोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

त्यांनी डोळे मिटले.

मग दुसरा घेतला. मग त्यांनी मोजणं आणि आम्ही बघणं सोडून दिलं. कपाळावरची आठी गेली. ते खुर्चीत मागे रेलले. सुरूच्या झाडांतून वारा यायला लागला. ते यमुनाताईंना म्हणाले, "तू इतक्या लांब का बसलीस?" श्रीरंगनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. हीच ती वेळ, आता हे हो म्हणणार! आणि तेव्हाच जयरामभाऊंनी जिभेच्या लगामाचं ते वाक्य उच्चारलं. "बघा," ते पुढे म्हणाले, "साधं, सात्त्विक, कष्टाचं अन्न. यातच खरा आनंद आहे. लोक उगाच बाटलीत शोधतात." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जरा जास्तच डोलावली.

त्यांनी लूर्डसबाईंना हाक मारली. "ताई, इकडे या. हे इतके हलके कसे होतात हो? सोडा घालता?"

लूर्डसबाईंना हा अपमान वाटला. "सोडा? छ्या! फुग्याला ताडी लागते. माझी सासू..."

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. जयरामभाऊ उभे होते. हातातला अर्धा फुगा टेबलावर पडला आणि घरंगळत मनोरमेच्या ताटापाशी थांबला.

"ताडी?" ते म्हणाले.

त्यांनी आपले ओठ बोटांनी चाचपून पाहिले. एक थेंबही न शिवलेले ते ओठ. मग टोपलीकडे बघितलं. ती अर्धी रिकामी होती. "मी?" एवढं एकच म्हणाले आणि दारातून बाहेर, सुरूंमधून, सरळ समुद्राकडे चालते झाले.

पास्कलनी सूर अर्ध्यात सोडला.

"गेलं," श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "अण्णा, सगळं गेलं. मी व्यसनमुक्तीवाल्याला त्याच्या साठीला ताडी पाजली."

अश्लेषानं गळ्यातला हार काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. ती रडली नाही. त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. जितेश उठला, तशा यमुनाताई म्हणाल्या, "तू बस. तू दिसलास की ते भाषण करतात. अण्णा, तुम्ही जा."

मध्यस्थाला अशा वेळी पुढे करतात, नाहीतर तो असतो कशाला?

जयरामभाऊ पाण्याच्या रेषेपाशी उभे होते. लाटा पावलांपर्यंत येत होत्या.

"जवळ येऊ नका, अण्णा," ते म्हणाले. "मी शुद्धीत नाही."

"अहो भाऊ, दिसताय तर अगदी..."

"दिसण्यावर जाऊ नका! तिथेच माणूस फसतो. मी चालून दाखवतो, तुम्ही बघा." आणि ते हेडमास्तरी शिस्तीत, हात अंगाशी लावून, ओल्या वाळूवरून चालत गेले. मग वळून आपल्या पावलांच्या खुणा बघितल्या. "बघितलंत? तिरपी! सगळी तिरपी!"

मी माझ्या मागच्या खुणा बघितल्या. त्या त्यांच्याहून तिरप्या होत्या. पण फुगे मीही बरेच खाल्ले होते, त्यामुळे पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नव्हता.

"कान गरम झालेत," ते म्हणाले. "छातीत हलकं वाटतंय. आणि अण्णा, सांगायला लाज वाटते, मला त्या सिप्रियनला मिठी मारावीशी वाटतेय. मला आयुष्यात कुणाला मिठी मारावीशी वाटलेली नाही. यमुनेला विचारा."

मी विचारणार नव्हतो.

"आता चढलीच आहे, तर ऐका. मी आज नाही म्हणायला आलो होतो."

मी दोन पावलं पुढे गेलो. "नाही? मुलीत काही खोट आहे का?"

"खोट असती तर बरं झालं असतं." ते समुद्राकडे बघत होते. "ती चांगली आहे. जितेश तिच्याबरोबर असला की हसतो. मोठ्यानं. आज रिक्षात हसत होता, तुम्ही ऐकलंत? आमच्या घरात कोणी असं हसत नाही. मी घरात शिरलो की हसू थांबतं, पहिल्यापासून, शाळेसारखं. ही मुलगी आली, की घर हसायला लागणार. आणि मी शिरलो की..." ते थांबले. "मला वाटलं, नाहीच म्हणावं. म्हणजे सगळं आहे तसं राहील." मग त्यांनी नाक पुसलं. "हे मी बोलत नाहीये. ताडी बोलतेय."

मी म्हणालो, "भाऊ, ताडी बरं बोलते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसले. मी त्यांना चार वर्षं ओळखत होतो. त्यांचे वरचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आम्ही परत आलो ते असे, की ते पुढे आणि मी धावत मागे. दारातच पास्कल भेटले. जयरामभाऊंनी त्यांना ट्रंपेटसकट मिठी मारली. मग सिप्रियनना. मग टेबलाला वळसा घालून श्रीरंगला अशी मिठी मारली, की श्रीरंगचा चष्मा इंद्यालात पडला. मग अश्लेषाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मोठ्यानं हसायचं. मी घरात असलो तरी. कळलं? मुलगी आमची झाली!"

जितेश आपल्या वडिलांकडे असा बघत होता, जणू कोणीतरी त्यांच्यासारखा दिसणारा माणूस आत आला आहे. मनोरमेनं देवाचं नाव घेतलं.

"थांबा," यमुनाताई म्हणाल्या.

सगळे वळले. "तुम्हीच गावोगाव सांगता ना, अमलाखाली दिलेला शब्द शब्दच नव्हे म्हणून? मग हा काय शब्द झाला? सकाळी उतरली, की म्हणाल मी बोललोच नाही. पोरीला फसवायचं नाही. झोपा, आणि सकाळी शुद्धीत बोला काय ते."

"बरोबर आहे," जयरामभाऊ पडेल आवाजात म्हणाले. त्यांचा हात आता आत आलेल्या पास्कलच्या खांद्यावर होता. "ती म्हणते ते बरोबर आहे. मी आत्ता माझा नाही."

"सकाळी?" श्रीरंग किंचाळला. मिळालेली मुलगी रात्रभरात परत जाण्याचे किती प्रकार असू शकतात, हे त्याच्या डोळ्यांपुढून भराभर जात होतं.

"कोनाला काय उतरायचं हाय?" लूर्डसबाई पाण्याचा जग घेऊन आल्या होत्या.

"यांना," यमुनाताई म्हणाल्या. "तुमची ताडी."

"कुठली ताडी?"

"फुग्यातली!"

लूर्डसबाईंनी जग टेबलावर आपटला. "अवो, ताडी माझी सासू घालायची! ती देवाघरी गेली. तेव्हापासून मी बाजारचं यीस्ट घालते, पावाला घालतात ते. तेच तर सांगत होते! पन कोन पुरतं ऐकून घेईल तर! हे खुर्ची पाडून पळालेच."

"म्हणजे," जितेशनं सावकाश विचारलं, "आज ताडी अजिबातच..."

"थेंब नाय."

सगळे जयरामभाऊंकडे बघत होते. त्यांना कळत होतं, की आपण संपूर्ण शुद्धीत ट्रंपेटवाल्याला मिठी मारली. संपूर्ण शुद्धीत वाळूवर तिरपे चाललो. आणि जे काही बोललो, इथे आणि तिथे पाण्यापाशी, ते आपणच बोललो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी छताच्या कौलांकडे बघितलं.

पास्कलच्या खांद्यावरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला. कान लालबुंद झाले होते. अजूनही सगळं फिरवता आलं असतं. "विचार करतो" म्हणायला किती वेळ लागतो? अश्लेषा हार अडकवलेल्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

जयरामभाऊंनी पडलेली खुर्ची उचलली. नीट सरळ केली. बसले. शर्टाची बाही दोनदा दुमडली. टोपलीतून एक फुगा घेऊन त्याचे दोन तुकडे केले, आणि समोरच्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिले.

"व्याही," ते मान वर न करता श्रीरंगला म्हणाले, "तेवढा चष्मा काढा, आणि रस्सा इकडे सरकवा."